कासरा कोणाच्या हाती?

वेल्सच्या सीमेजवळ श्रूझबरी नावाचे एक जुने गाव आहे. त्या गावाबाहेर, जेथे सपाट शेते संपून डोंगराळ मुलुख सुरू होतो, तेथे माझा भाचा गेली काही वर्षे नोकरीनिमित्त राहतो, आणि त्याच्या घरापुढील खडीच्या अंगणात दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या असतात. पहिली १९९९ सालची सुबारू इम्प्रेझा टर्बो : चार दारांची, मागे डिकी असलेली, वरवर पाहता एखाद्या सरळमार्गी कारकुनाने हप्त्यावर घ्यावी अशी सेडान. दुसरी टोयोटाची जी. आर. यारिस : आखूड, तीन दारांची, मागच्या चाकांवर खांदे फुगवून बसलेली, मोटारींच्या दुनियेत ज्यांना ‘हॉट हॅच’ म्हणतात त्या कुळातील. दोहोंच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते, दोहोंचे गिअर हातानेच टाकावे लागतात, आणि चिखल, बर्फ, खडी यांपैकी काहीही वर्ज्य न मानणाऱ्या रॅली नावाच्या कठोर शर्यतीशी दोहोंचे जन्मजात नाते आहे. गेल्या शरदात मी महिनाभर त्याच्याकडे होतो. परत निघण्याच्या आदल्या रात्री तो म्हणाला, “मामा, दोन गाड्यांचा खर्च आता झेपत नाही. एक विकायची आहे. दोन्हींत तुम्ही महिनाभर माझ्या शेजारी बसलात. तुम्हीच सांगा, कोणती ठेवू?”

ज्याने उभे आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यात घालविले त्याला हा प्रश्न विचारणे म्हणजे वैद्याकडे जमिनीची फिर्याद नेण्यासारखे आहे, असे त्या क्षणी मला वाटले. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या दोन यंत्रांमधला खरा भेद वेगाचा नाही, किमतीचा नाही, रूपाचा तर नाहीच नाही; तो त्या जुन्या वादाचा आहे, जो आपल्याकडे मीमांसेचा जैमिनी आणि वेदान्ताचा बादरायण यांच्यामध्ये होता आणि जो अद्याप मिटलेला नाही. कर्म केले म्हणजे त्याचे फळ आपोआप, कर्माच्याच अंगच्या सामर्थ्याने मिळते, की कर्म आणि फळ यांच्या मध्ये फळ देणारा कोणी बसलेला आहे?

हे स्पष्ट होण्यासाठी प्रथम या गाड्या का निर्माण झाल्या ते सांगितले पाहिजे. १९८० साली ऑडीने जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वात्रो मांडली आणि चारही चाकांना ओढ देणे हे जीप आणि ट्रॅक्टर यांचेच काम नव्हे, हे रॅलीच्या जगाला दाखवून दिले. त्यानंतर ‘ग्रुप बी’ या वर्गाखाली अशा अचाट शक्तीच्या गाड्या निघाल्या की १९८६ सालच्या भीषण अपघातांनंतर तो वर्गच बंद करणे भाग पडले, आणि त्याची जागा ‘ग्रुप ए’ने घेतली. या वर्गाची अट मोठी अर्थपूर्ण होती : जी गाडी शर्यतीत उतरवायची ती सामान्य गिऱ्हाइकाला दुकानात विकत मिळाली पाहिजे, आणि तशा हजारो गाड्या घडविल्याचा दाखला रुजू केला पाहिजे. या एका कलमाच्या पोटी १९९२ साली जपानमध्ये दोन कुळे जन्मास आली. गुन्मा प्रांतातील ओता येथे सुबारूने इम्प्रेझा डब्ल्यू. आर. एक्स. घडविली, २४० अश्वशक्तीची. मिझुशिमाच्या कारखान्यात मित्सुबिशीने लान्सर एव्होल्यूशन घडविली, २५० अश्वशक्तीची. दोन्ही दोन लिटरच्या, दोन्ही टर्बो लावलेल्या, आणि दोन्ही मुळात चार दारांच्या घरगुती सेडान.

या ‘घरगुती’ शब्दापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. आपल्या परंपरेत गृहस्थाश्रमाला इतर सर्व आश्रमांचा आधार मानले आहे. ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी हे तिघेही गृहस्थाच्या अन्नावर जगतात. ज्या गाडीच्या मागच्या आसनावर मुले शाळेला जातात, जिच्या डिकीत आठवड्याचा किराणा राहतो आणि जी सोमवारी कचेरीच्या दारात कोणाच्या नजरेतही भरत नाही, तीच गाडी चिखलाच्या घाटात उतरली की वीराचे रूप धारण करते, ही कल्पना मला फार भारतीय वाटते, जरी ती ओता आणि मिझुशिमा येथील अभियंत्यांना सुचली असली तरी. १९९५ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या आर. ए. सी. रॅलीत कॉलिन मॅक्रे नावाचा सत्तावीस वर्षांचा स्कॉटिश तरुण इम्प्रेझा हाकून जगज्जेता झाला, तेव्हा त्या देशातील शिक्षकांना, सुतारांना, पोस्टमनांना जो अभिमान वाटला, त्यात त्या गाडीचे आपल्या अंगणातील गाडीशी असलेले हे सख्य मिसळलेले होते. त्यानंतरची चार वर्षे, १९९६ ते १९९९, टॉमी मॅकिनेन या फिनलंडच्या चालकाने लान्सरच्या आसनावरून जगज्जेतेपद राखले. पुढे हाच मॅकिनेन टोयोटाच्या रॅली पथकाचा प्रमुख झाला आणि २०२० साली निघालेल्या जी. आर. यारिसच्या घडणीतही त्याचा हात लागला. तेव्हा अंगणातील त्या दोन गाड्या परक्या नाहीत. एकाच घराण्यातील त्या आजी आणि नात आहेत, आणि विद्या एका पिढीकडून दुसरीकडे आली आहे.

अंकांनी पाहू गेल्यास त्यांच्यात अंतरही थोडेच आहे. भाच्याची इम्प्रेझा सुमारे २१५ अश्वशक्तीची. यारिसचे इंजिन तीनच सिलिंडरांचे आणि १६१८ घनसेंटिमीटरचे, तरी ब्रिटनमध्ये आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीची शक्ती २६१. पंचवीस वर्षांत मोटारी अतोनात स्थूल झालेल्या असताना यारिसचे वजन १२८० किलो आहे, म्हणजे आजीहून नात पन्नासएक किलोनेच जड. छत कार्बनच्या धाग्यांचे, दारे आणि बॉनेट ॲल्युमिनियमची, आणि मोतोमाची येथील कारखान्यात तिची जुळणी सरकत्या पट्ट्यावर न होता वेगवेगळ्या कक्षांत कसबी कामगारांच्या हातून होते. हे सर्व मला आदरणीय वाटते. आजच्या मोटारींविषयी बोलताना सरसकट नाक मुरडण्याची जी रीत पडली आहे, ती या गाडीपुढे टिकत नाही.

भेद आहे तो गाडीच्या पोटात, पुढची आणि मागची चाके जेथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यात. वळणावर चारही चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते, म्हणून पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये दोघांना स्वतंत्रपणे फिरू देणारी आणि तरीही बांधून ठेवणारी काही व्यवस्था लागते. जुन्या इम्प्रेझात ही व्यवस्था मध्यभागीच्या डिफरन्शियलवर सोपविलेली आहे, आणि त्याच्यासोबत एका बंद डब्यात पातळ चकत्यांची चळत दाट सिलिकॉन द्रवात बुडवून ठेवलेली आहे. पुढची चाके घसरून वेगाने फिरू लागली की त्या चकत्यांच्या गतीत फरक पडतो, तो द्रव त्या फरकाला विरोध करतो, आणि जो आस अजून जमिनीला धरून आहे त्याच्याकडे ओढ वळते. या डब्याला डोळे नाहीत, कान नाहीत, मत नाही. तो चालक पाहत नाही, पावसाचा अंदाज घेत नाही, क्षमा करीत नाही, सूडही घेत नाही. घसरण झाली म्हणजेच तो जागा होतो, आणि जितकी घसरण तितकाच त्याचा प्रतिकार.

याहून शुद्ध मीमांसक मला यंत्रांत आढळला नाही. जैमिनीच्या मते कर्माचे फळ कर्मातूनच येते. यज्ञ आज केला आणि स्वर्ग कालांतराने मिळाला, तर मधल्या काळात त्या कर्माची ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती टिकून राहते आणि योग्य वेळी फळ प्रसवते, असे त्याच्या परंपरेने मानले. त्यासाठी फळे वाटीत बसणाऱ्या ईश्वराची गरज तिला भासली नाही. बादरायणाला हे मान्य झाले नाही. कर्म अचेतन आहे, क्षणात नष्ट होणारे आहे. कोणत्या कर्माला कोणते फळ हे जाणणारा कोणी चेतन असल्याखेरीज ही व्यवस्था चालणार कशी, असा त्या पक्षाचा प्रश्न आहे.

यारिसमध्ये बादरायणाचा पक्ष अवतरला आहे. तिच्यात मागच्या आसापुढे अनेक चकत्यांचा एक क्लच आहे आणि तो किती आवळायचा याचा हुकूम एक संगणक देतो. प्रत्येक चाकाची गती, स्टिअरिंगचा कोन, अ‍ॅक्सिलरेटरवरील पायाचा दाब, गाडीचे आडवे झुकणे यांच्या खबरा त्याच्या दप्तरात अखंड येत असतात, आणि चाक घसरण्यापूर्वीच, केवळ चालकाचा हेतू ताडून, तो ओढ पुढे-मागे करू शकतो. एकाच बटणाच्या एका स्थितीत हा वाटा साठास चाळीस, दुसऱ्या स्थितीत तीसास सत्तर, तिसऱ्या स्थितीत समसमान. त्याच्यावर आणखी एक अधिकारी आहे, स्थैर्य राखणारा. गाडी वाकडी जाऊ लागली तर तो एखाद्याच चाकाचा ब्रेक दाबतो, इंजिनाची शक्ती कमी करतो, आणि चालकाच्या हातून झालेला प्रमाद निस्तरून टाकतो. जुन्या गाडीत, चाक जाम होऊ न देणारी ए. बी. एस. सोडली, तर असा दुसरा कोणीच नव्हता. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात बुद्धी सारथी आहे, मन लगाम आहे, इंद्रिये घोडे आहेत. पण लगाम आणि घोडे यांच्या मध्ये स्वतःची इंद्रिये आणि स्वतःचा निश्चय असलेली दुसरी एक बुद्धी बसविण्याची कल्पना त्या ऋषीपुढे नव्हती. ती जागा आज भरली गेली आहे.

येथे जुन्या गाडीचे भक्त ताबडतोब निकाल देऊन टाकतात : पूर्वी आम्ही चालवीत होतो, आता गाडीच गाडीला चालविते. भाच्याचे मित्र जमले की या विषयावर रात्र रात्र बोलतात आणि त्यांच्या बोलण्यात सच्ची कळकळ असते. पण त्यांचा निकाल मी मान्य करू शकत नाही, आणि त्याची कारणे सांगितली पाहिजेत.

पहिले कारण इतिहासाचे आहे. ज्या लान्सरची ही मंडळी अस्सलपणाचा नमुना म्हणून पूजा करतात, तिच्या १९९६ च्या चौथ्या आवृत्तीतच मागच्या दोन चाकांमध्ये ओढीची वाटणी करणारी संगणकाच्या हुकुमातील यंत्रणा आलेली होती. म्हणजे तो दुसरा बुद्धिमान कारभारी सुवर्णयुगाच्या ऐन मध्यान्ही, सर्वांच्या डोळ्यांदेखत, रथात चढला. केवळ शर्यतीसाठी काढलेल्या ‘आर. एस.’ या हलक्या आवृत्तीत तो नव्हता. घरगुती आवृत्तीत होता. तीच गोष्ट इम्प्रेझाच्या त्या सुप्रसिद्ध घोगऱ्या गुरगुरीची, जी ऐकली की रस्त्यावरची मुले वळून पाहतात. तिचे कारण असे की, समोरासमोर निजलेल्या चार सिलिंडरांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या नळ्या असमान लांबीच्या होत्या. पुढे जपानी बाजारातील गाड्यांत त्या नळ्या समान लांबीच्या झाल्या, इंजिनाचा श्वास सुधारला आणि ती गुरगुर गेली. ज्याला आपण आत्मा म्हणत होतो ती जुळणीतील एक उणीव होती. मला त्या आवाजाचे प्रेम आहे, आजही आहे. परंतु प्रेम आहे म्हणून त्याला तत्त्वाचा दर्जा देता येत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ‘मी चालविली’ असे म्हणणाऱ्याचा तो ‘मी’ किती आहे? गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची साधने, त्यांचे वेगवेगळे व्यापार आणि पाचवे दैव, आणि हे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारलेली नाही, असा स्पष्ट अभिप्राय तेथे दिलेला आहे. ओल्या घाटातून इम्प्रेझा सुखरूप खाली उतरली त्यात टायरच्या रबराचा वाटा होता, रस्ता बांधणाऱ्याचा होता, ओता येथील कोण्या अज्ञात अभियंत्याने चकत्यांमध्ये योग्य दाटपणाचा द्रव भरला त्याचा होता, आणि समोरून त्या क्षणी मालमोटार आली नाही या दैवाचाही होता. मराठी माणूस बोलताना हे नकळत जाणतोच. ‘सुरी चांगली कापते’, ‘गाडीने वळण छान घेतले’ असे आपण म्हणतो, तेव्हा साधनालाच कर्त्याच्या गादीवर बसवितो. पाणिनीने कर्त्याचे लक्षण ‘स्वतंत्र’ या एका शब्दात सांगितले, पण ते स्वातंत्र्य कोणाकडे आहे हे बोलणाऱ्याच्या विवक्षेवर सोडण्याची मोकळीक वैयाकरणांनी ठेवली, आणि या मोकळिकीत केवढे शहाणपण आहे ते त्या दोन गाड्यांत बसल्यावर मला उमगले.

तिसरे कारण दुसऱ्याच्या जिवाचे आहे, आणि ते माझ्या लेखी सर्वांत वजनदार आहे. १९९७ च्या ऑक्टोबरात स्वीडनमधील एका मासिकाने मर्सिडीजच्या नव्या, छोट्या ‘ए’ वर्गाच्या गाडीची परीक्षा घेतली. रस्त्यावर एकाएकी हरिणासारखे जनावर आले तर चालक जसे झटकन वळतो, तसे वळविल्याबरोबर ती गाडी उलटली. कंपनीने विक्री थांबविली, रचनेत दुरुस्ती केली आणि स्थैर्य राखणारी ती संगणकीय यंत्रणा, जी तोवर महागड्या गाड्यांपुरती होती, या लहान गाडीत सर्वांना दिली. २०१४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. रस्ता हे चालकाच्या एकट्याच्या साधनेचे स्थान नाही. तेथे शाळेतून परतणारे मूल आहे, सायकलवरचा म्हातारा आहे. आपल्या कौशल्याची शुद्धता राखण्यासाठी त्यांचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. कर्मफळाच्या निष्ठुर न्यायाचे मोल तो न्याय एकट्या कर्त्यावर येऊन थांबतो तोवरच आहे. येथे तो तसा थांबत नाही.

मग प्रश्न संपला काय? मलाही काही दिवस तसे वाटले. परंतु एका रविवारी भाचा मला वापरातून गेलेल्या एका जुन्या विमानतळावर घेऊन गेला, जेथे पैसे भरून बंद धावपट्टीवर गाड्या चालविता येतात. पाऊस नुकताच पडून गेला होता. शंकू मांडून केलेल्या एका लांब उजव्या वळणावर त्याने आधी इम्प्रेझा नेली, आणि वेगाचा अंदाज चुकला. गाडीचे नाक वळणाबाहेर रेटू लागले. त्याने घाबरून पाय उचलला, तसे वजन पुढे आले आणि मागची बाजू निसटून बाहेर निघाली. त्याने उलट स्टिअरिंग देऊन ती सावरली. चेहरा पांढरा पडला होता. पण थांबल्यावर त्याने स्वतःहून मला सांगितले, “मामा, दोन चुका झाल्या. आत शिरतानाच वेग जास्त होता, आणि मग मध्येच पाय काढला.” पुढच्या फेरीला त्याने एकही केली नाही.

दुपारी तेच वळण, तोच ओलावा, यारिस. सर्व साहाय्यक यंत्रणा चालू. मी शेजारी बसलो होतो आणि माझ्या हाती काही काम नव्हते, म्हणून मी सर्व पाहत होतो. तो पुन्हा जास्त वेगाने आत शिरला, पुन्हा मध्येच पाय उचलला. या वेळी काहीच झाले नाही. गाडीने किंचित श्वास रोखल्यासारखे केले आणि वळण पार झाले. फक्त समोरच्या तबकडीवर एक पिवळा दिवा दोन-तीनदा लुकलुकला, आणि तो माझा भाचा पाहत नव्हता, कारण त्याची दृष्टी, असायला हवी तशी, रस्त्यावर होती. “बघा, कशी रुळावरून गेल्यासारखी गेली,” तो आनंदाने म्हणाला. सकाळच्या दोन्ही चुका त्याने जशाच्या तशा केल्या होत्या, आणि त्या त्याला कळल्या नाहीत.

त्या दिव्याने मला साताऱ्याची गादी आठवली. शाहू महाराजांच्या पश्चात १७४९ नंतर नाव छत्रपतींचे राहिले, शिक्का त्यांचा राहिला, वस्त्रे त्यांच्याच हातची. अंमल मात्र पुण्याला गेला. पुण्याचा कारभार वाईट होता असा माझा आरोप नाही. पुष्कळदा तो फार चांगला होता. परंतु ज्या धन्याकडे केवळ शिक्का उरतो आणि मुलखात काय घडले याची कैफियत ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्याची राज्य करण्याची विद्या एका पिढीत लोपते, आणि कारभारी एखाद्या दिवशी कमी पडला तर धनी असून नसल्यासारखा होतो. तो पिवळा दिवा हा कारभाऱ्याने पाठविलेला खलिता होता. तो आला होता, नियमाप्रमाणे आला होता, आणि वाचला गेला नाही. रस्त्यावर बर्फाचा थर असेल, टायर झिजलेले असतील, वेग पदार्थविज्ञानाच्याच मर्यादेपलीकडे गेला असेल, तर हा कारभारी हतबल आहे. आणि नेमक्या त्या क्षणी, ज्याने वर्षानुवर्षे एकही खलिता वाचलेला नाही, त्या धन्याच्या हाती सर्व अधिकार एकदम परत येतात.

आपल्या संतांनी आणि आचार्यांनी कर्तेपण टाकायला सांगितले आहे, हे खरे. परंतु ते टाकणे ज्ञानाचे आहे. ज्याने कर्माचा प्रत्येक धागा तपासला, आपला वाटा किती आणि इतरांचा किती हे ओळखले, त्याचा अहंकार गळून पडतो. आणि ज्याला आपण काय केले हेच कळले नाही, त्याचे कर्तेपण जाते पण अहंकार मात्र शाबूत राहतो. उलट तो वाढतो, कारण न केलेल्या पराक्रमाची इनामे त्याच्या नावावर जमा होत असतात. विमानतळावर दुपारी भाचा सकाळपेक्षा अधिक खूष होता, ही गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. अकर्तेपणाची ही दोन रूपे बाहेरून इतकी सारखी दिसतात की त्यांची गल्लत सहज होते, आणि आजच्या यंत्रयुगात, मोटारींच्या बाहेरही, ती सर्वत्र होत आहे असे मला वाटते.

बादरायणाच्या पक्षावर असा आक्षेप आला होता की, फळ देणारा ईश्वर मानला तर एकाला सुख आणि दुसऱ्याला दुःख देणारा तो पक्षपाती आणि निर्दय ठरेल. शंकराचार्यांनी दिलेले उत्तर मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. ईश्वर पावसासारखा आहे, असे त्यांनी म्हटले. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो, भात उगवतो की जव हे बियाण्यावर अवलंबून असते. म्हणजे फळ देणारा आहे, परंतु तो कर्माकडे पाहून देतो. त्याची कृपा कर्मसापेक्ष आहे. हीच कसोटी मी मोटारीच्या संगणकाला लावतो. चालक नीट वागला तर नीट, चुकला तर चुकल्याची जाणीव ठेवून सावरणारा, असा कारभारी मला मान्य आहे, आदरणीय आहे. परंतु जो नीट आणि चूक या दोन्ही कर्मांना एकच गुळगुळीत फळ देतो आणि वर एखाद्या लाउडस्पीकरमधून शूराच्या इंजिनाचा आवाजही ऐकवितो, जसा आज कित्येक गाड्यांत ऐकविला जातो, त्याने बियाण्याचा आणि पिकाचा संबंधच तोडून टाकलेला असतो.

या कसोटीवर यारिस उतरते. त्या दुपारी मी भाच्याला ती पिवळ्या दिव्याची गोष्ट सांगितली. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले, मग बटण बराच वेळ दाबून धरून स्थैर्याची यंत्रणा पुरती बंद केली आणि पुन्हा तेच वळण घेतले. गाडीने त्याला सर्व सांगितले. नाक कसे रेटते, शेपूट कधी सुटते, कोठे पाय स्थिर ठेवायचा, सर्व. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांत केवळ दातेरी चाकांवर चालणारी टॉर्सन डिफरन्शियलेही आहेत, म्हणजे बादरायणाच्या घरात जैमिनीला एक खोली राखून ठेवलेली आहे. बंद करता येणारा आणि बंद केल्यावर खरोखर बाजूला होणारा कारभारी हा चांगला कारभारी होय. ज्या हॉट हॅचमध्ये तो बाजूला झाल्याचे नुसते सोंग करतो, तिच्याविषयी मात्र जुन्या गाडीच्या भक्तांची तक्रार सोळा आणे खरी आहे.

इम्प्रेझाच्या मागच्या चाकांवरील पत्रा गंजू लागला आहे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पत्रा खाते. लान्सर एव्होल्यूशनचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली, आणि इम्प्रेझाच्याच वंशातील एस. टी. आय. ही गाडी पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या रूपात काढणार नाही असे सुबारूनेही २०२२ साली जाहीर केले. त्या जातीच्या गाड्या आता आहेत तेवढ्याच.

मी भाच्याला सांगितले ते असे. त्याची मुलगी दोन वर्षांनी गाडी शिकण्याच्या वयात येईल. तिला आधी त्या विमानतळावर, ओल्या धावपट्टीवर, जुन्या इम्प्रेझात बसव, आणि जोवर ती आपली चूक आपल्या तोंडाने सांगत नाही तोवर रस्त्यावर आणू नकोस. मग तिला यारिसची किल्ली दे, सर्व यंत्रणा चालू ठेवून. तोवर दोन वर्षे इतर कोणता खर्च कमी करता येतो ते बघ. दोहोंपैकी कोणतीही विकू नकोस.